पुसले गेलेले एकोणीस दिवस

माझी मोठी नणंद आमच्या रुग्णालयाच्या तळघरात एकवीस वर्षं कामाला होती. मी दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या वेळा देणाऱ्या खिडकीत बसते. ही नोकरी मला तिच्याच शब्दावर लागली. घरी आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. रुग्णालयात तिचं नाव पडलं होतं तळघरताई. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तसंच म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. "निदान भूत तरी म्हणत नाहीत," असं म्हणून हसायची.

तिचं काम काय, हे आमच्या घरात बरीच वर्षं कोणाला नीट सांगता येत नव्हतं. माझा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "ताई कॉम्प्युटरमध्ये आहे." एकदा तिनेच मला खाली नेऊन दाखवलं. थंडगार खोली. एका रांगेत सर्व्हर, म्हणजे काम करणारी यंत्रं. समोर एक उंच काळं कपाट, त्यात सगळ्या डिस्क. मधे दोन स्विच, आणि त्यांतून निघालेल्या केसासारख्या बारीक काचेच्या तारा. ती म्हणाली, "हे बघ, या यंत्रांपैकी कोणाकडेच स्वतःचं सामान नाही. सगळ्यांचं सामान त्या एका कपाटात. कोणाला कुठला खण दिसायचा आणि कुठला दिसायचा नाही, ते मी ठरवते. एवढंच माझं काम."

"आणि चुकून दुसऱ्याचा खण दिसला तर?"

"दिसू द्यायचा नाही," ती म्हणाली आणि दिवा मालवून मला बाहेर काढलं.

तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागची खोली तिची. सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ, साडेआठला बाहेर, संध्याकाळी सहाला दारात चपला. आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायची, ते काम ती कोणाला करू देत नसे. तिची इस्त्री बघून माझा नवरा म्हणायचा, या घडीने बोट कापेल.

मग रुग्णालयाने शेजारी नवी इमारत बांधायला घेतली. नव्या इमारतीत नवी स्कॅनची यंत्रं येणार, त्यांना सहा नवे सर्व्हर लागणार, आणि त्या सहांना त्याच काळ्या कपाटाशी जोडायचं. जुन्या स्विचमध्ये एक भोकसुद्धा शिल्लक नव्हतं. कपाटही भरलं होतं. त्यामुळे आणखी दोन स्विच, डिस्कचे दोन नवे थर, आणि नव्या तारा. मागणीचा कागद ताईने दीड वर्षापूर्वीच लिहिला होता. मंजुरी आली तेव्हा उद्घाटनाला जेमतेम दहा दिवस उरले होते.

या सगळ्यात एक गोष्ट बिघडलेली होती, आणि ती ताईला माहीत होती. रोज रात्री सगळ्या माहितीची एक नक्कल आपोआप टेपवर उतरायची. ती उतरण्याआधी कपाटात थोडी मोकळी जागा लागायची; ती संपल्यामुळे स्कॅनच्या फोटोंची नक्कल उतरणं बंद पडलं होतं. ताईने तिच्या विभागप्रमुखांना दोनदा लेखी कळवलं, एकदा तोंडी सांगितलं. विभागप्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, माणूस म्हणून वाईट नव्हते. वरून दट्ट्या बसला की खाली बघायचे आणि खालून तक्रार आली की वर बघायचे, एवढंच.

"ताई, जागा वाढवायलाच तर आपण हे करतोय ना? एकदा नवे थर लागले की नक्कल आपोआप सुरू होईल."

"साहेब, आधी नक्कल घेऊ द्या. बाहेरून एखादी डिस्क आणू. तीन दिवस लागतील. मग जोडणी करू."

"गुरुवारी उद्घाटन आहे. तीन दिवस कुठून आणू मी? माझ्या खिशात आहेत का?"

ताई गप्प बसली. हे तिने मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं. म्हणायची, "मी तिथे 'मग मी हात लावणार नाही' असं म्हणायला हवं होतं. एवढं एक वाक्य. माझ्या तोंडात होतं गं. गिळलं मी."

काम रविवारी सकाळी दहाला सुरू झालं. रविवारी तपासण्या कमी असतात म्हणून. ताईबरोबर कंपनीचा इंजिनिअर होता, पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, कंबरदुखीने हैराण माणूस. कमरेला पट्टा बांधून यायचा आणि दर दहा मिनिटांनी खुर्चीवर टेकायचा. नवे स्विच जुन्यांना जोडले, सगळं सुरळीत. तारा ओढल्या, प्रत्येक तारेला ताईने आपल्या हाताने चिठ्ठी लावली. नवे थर कपाटाने ओळखले. अकरा वाजेपर्यंत दोघं इतके निवांत होते की त्यांनी चहासुद्धा घेतला.

मग नंबरांचं काम आलं. प्रत्येक सर्व्हरच्या कार्डाला सोळा अक्षरांचा एक नंबर असतो. तो नंबर कपाटाच्या यादीत ज्या गटात घालावा, त्या गटाचे खण त्या सर्व्हरला दिसतात. जुन्या फोटोंच्या गटाचं नाव होतं छाया-१. नव्या इमारतीसाठी ताईने आदल्या दिवशीच रिकामा गट करून ठेवला होता, छाया-२. इंजिनिअर नंबर वाचत होता, ताई भरत होती. पाच सर्व्हर झाले. सहाव्याच्या वेळी पडद्यावरची यादी ताजी व्हायला म्हणून एक क्षण हलली आणि गट एक ओळ खाली सरकले. ताईने जिथे बोट नेलं होतं तिथेच दाबलं. सहावा नंबर छाया-१ मध्ये जाऊन बसला.

तिने यादी पुन्हा वाचून बघितली नाही. पाच वेळा बघितली होती, सहाव्यांदा नाही.

इंजिनिअर नव्या सर्व्हरसमोर बसला. त्याला एक डिस्क दिसली; कपाटातला अख्खा खण सर्व्हरला एका डिस्कसारखाच दिसतो. तो सर्व्हर वेगळ्या जातीचा, त्यामुळे जुने फोटो त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या लेखी डिस्क कोरी होती. मापही तेच, कारण ताईने नवे खण जुन्याच मापाचे कापले होते. त्याने मान वळवून विचारलं, "डिस्क आलीय ताई. घेऊ का?"

"घ्या," ताई म्हणाली.

त्याने ती डिस्क पुसून नव्याने आखली आणि चाचणीसाठी आणलेला मोठा साठा तिच्यावर उतरवायला लावला. वीस-पंचवीस मिनिटं तो साठा उतरत होता. दोघं शेजारी बसून इंजिनिअरच्या कमरेबद्दल बोलत होते.

पावणेबाराला तळघरातला फोन वाजला. वर एक्स-रेला त्या दिवशी एकच तंत्रज्ञ होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, सकाळचे फोटो उघडत नाहीयेत. कालचेपण नाहीत. काही चाललंय का खाली?"

ताईने फोन खाली ठेवलाच नाही. तो तारेला लोंबकळत राहिला. इंजिनिअर नंतर चौकशीत म्हणाला की बाई उठल्या, यादी उघडली, एकदा बघितली, आणि मागे जाऊन सहाव्या सर्व्हरच्या दोन्ही तारा हाताने उपटल्या. काचेची तार अशी उपटायची नसते. एक तुटून तिच्या बोटात घुसली. तिला कळलंही नाही.

जुने फोटो टेपवरून परत आणता आले, अकरा वर्षांचे, जवळजवळ सगळे. नक्कल बंद पडल्यापासूनचे एकोणीस दिवस मात्र कुठेच नव्हते. त्या एकोणीस दिवसांत अकराशेच्या वर माणसं तपासून गेली होती. डॉक्टरांनी लिहिलेले अहवाल दुसऱ्या डिस्कवर होते, ते शाबूत राहिले. फोटो गेले.

सोमवारी साहेबांनी ताईला खोलीत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार अर्धवट उघडं होतं.

"हे बघा ताई, डिस्क पुसली कोणी? त्या कंपनीच्या माणसाने. न तपासता पुसली. त्याची सही आहे कामाच्या कागदावर. तेवढंच लिहायचं."

"त्याने मला विचारलं होतं साहेब. मी 'घ्या' म्हटलं."

"ते कोणी ऐकलं?"

"मी ऐकलं."

साहेबांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "नकलेबद्दल तुम्ही मला लिहिलं होतं, ते पण काढणार असाल आता."

"तुम्ही काढू नका म्हणालात तर नाही काढणार. पण मला कोणी विचारलं तर खोटं नाही सांगणार."

घरी माझा नवरा संतापला. "सगळं खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतेस? तो पुसणारा मोकळा, तो साहेब मोकळा, आणि तू?"

"अरे, दार मी उघडं ठेवलं ना," ताई म्हणाली. बोटाला पट्टी होती. ताटातलं तसंच ठेवून ती उठली.

डॉक्टरांनी एकोणीस दिवसांच्या यादीवर खुणा केल्या. ज्यांचं नुसत्या अहवालावर भागणार नव्हतं, ज्यांना परत बोलवायलाच हवं होतं, अशी दोनशे शहाऐंशी माणसं निघाली. त्यांना फोन करायला जनसंपर्कवाल्यांची दोन माणसं मिळणार होती. ताईने यादी मागून घेतली. तिला सर्व्हरच्या खोलीत जायची बंदी झाली होती, चौकशी संपेपर्यंत. शेजारच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमध्ये, तिने एक टेबल आणि फोन मांडला. ती फोन करायची, होकार आला की मला वर कळवायची, मी वेळ द्यायचे.

काय बोलायचं तो मजकूर साहेबांनी टाइप करून दिला होता. "काही तांत्रिक कारणामुळे" अशी सुरुवात. पहिले दोन फोन तिने तो वाचून केले. तिसऱ्या माणसाने विचारलं, "तांत्रिक म्हणजे काय झालं?" तेव्हा तिने कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं, "माझ्या हातून पुसले गेले." त्यानंतर ती सगळ्यांना हेच सांगत राहिली.

लोक काय काय बोलले! एकाने आईवरून शिव्या दिल्या, मग स्वतःच वेळ ठरवून घेतली. एका आजोबांना ऐकूच येईना, ते म्हणत राहिले, "फोटो आला? कसा आला?" एक बाई रडायला लागल्या, कारण त्या बोगद्यासारख्या यंत्रात त्यांचा जीव गुदमरायचा आणि एकदाचं झालं म्हणून सुटल्यासारखं वाटलं होतं. एका घरी बायकोने फोन उचलला आणि सांगितलं, "ते गेले हो परवा." ताईने त्या नावापुढे काहीच खूण केली नाही. नुसती पेन्सिल टेकवून बसली. मग पुढचा नंबर लावला.

एका माणसाची मला अजून आठवण येते. फुप्फुसावर डाग होता, जुन्या फोटोशी ताडून बघायचा होता. तो म्हणाला, एकदा येऊन गेलो, दोन दिवसांची रजा गेली, आता पुढच्या महिन्यात बघू. ताईने त्याला सात वेळा फोन केले. आठव्यांदा त्याच्या मुलीने विनवून आणला. तोपर्यंत डाग वाढला होता. पहिला फोटो असता तर काय कळलं असतं, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. कोणीच सांगू शकत नव्हतं. ताईनेही विचारलं नाही.

फोन सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी मी वेळांचा कागद द्यायला खाली गेले तेव्हा ती एका बाईशी बोलत होती. एका हाताने लिहिता यावं म्हणून तिने फोनचा स्पीकर लावलेला असायचा, त्यामुळे पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"रुग्णालयातून बोलतेय. तुमची सोनोग्राफी झाली होती ना, आठ तारखेला? त्याचे फोटो माझ्या हातून पुसले गेलेत. डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा एकदा बोलावलंय, बाळाची वाढ बघायला."

"कशाची वाढ?"

ताईने यादीतलं नाव पेन्सिलने पुन्हा शोधलं.

"बाळ नाही आता," ती बाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सहा दिवस झाले. गावाबाहेरच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथे."

"माफ करा. मला माहीत नव्हतं. यादीत... माफ करा."

"थांबा. फोटो पुसले गेले म्हणजे काय?"

"म्हणजे आता नाहीत."

"असं कसं? मी तेव्हा कागदावर घेतला नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, असू दे, कॉम्प्युटरमध्ये असतो, कधी पण मिळेल. मी या आठवड्यात यायचीच होते घ्यायला. दुसरं काहीच नाहीये आमच्याकडे. तिथे त्यांनी नुसतं गुंडाळून दिलं. मी तोंडसुद्धा..." ती बोलायची थांबली. मग म्हणाली, "तुम्ही फोन कशाला केलात?"

फोन बंद झाला. ताईने यादीवर हात ठेवला. मी म्हटलं, "ताई, आज राहू दे. चल वर." ती म्हणाली, "अजून एकशे पंधरा आहेत." आणि पुढचा नंबर लावला. बोटं चुकली, परत लावला.

शुक्रवारी माझ्या खिडकीपाशी एक बाई आल्या. तिशीच्या आतल्या, सैल कपडे, पायात घरातल्या चपला. म्हणाल्या, "फोन करणाऱ्या बाई कुठे बसतात?" मी आवाजावरून ओळखलं. बरोबर कोणी नव्हतं. मी खिडकी बंद करून त्यांना खाली घेऊन गेले.

ताई उठून उभी राहिली. खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"तुम्हीच का?"

"हो. मीच."

"मला बघायचंय, कुठे होता ते."

ताईला त्या खोलीत जायची मनाई होती. तिने दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याकडे बघितलं. पहारेकरी तिला एकवीस वर्षं ओळखत होता. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही तिघी आत गेलो. थंडी होती. काळ्या कपाटाचं दार ताईने उघडलं. मधल्या थरात बारा खाचा रिकाम्या होत्या. त्या डिस्क पुसलेली माहिती काढणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवल्या होत्या.

"यातल्या कुठल्या?"

"सगळ्यांत," ताई म्हणाली. "एक फोटो एका जागी नसतो. तुकडे करून बाराही डिस्कवर ठेवतात. एखादी बिघडली तरी फोटो वाचावा म्हणून."

बाईंनी रिकाम्या खाचांकडे बघितलं. "म्हणजे काळजी घेतलेली होती."

"हो. ती काळजी डिस्क बिघडली तर. माणूस चुकलं तर नाही."

"परत मिळेल का?"

"शोधतायत. मला आशा वाटत नाही. खोटं कशाला सांगू."

बाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. त्या ताईवर ओरडल्या नाहीत, पण आवाज चढला. "मी सकाळपासून ठरवून आले होते की कोणावर तरी ओरडायचं. घरात कोणावर ओरडू? सगळे रडतायत. आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो म्हणता. तुम्ही ओरडूसुद्धा देत नाही मला."

ताई म्हणाली, "ओरडा ना."

"आता नाही येत," त्या म्हणाल्या.

मी त्यांना दरवाजापर्यंत सोडायला गेले. रिक्षा करून देते म्हटलं तर नको म्हणाल्या. चालत गेल्या. त्यांच्या एका चपलेचा पट्टा तुटका होता, त्यामुळे त्या पाय ओढत चालत होत्या.

उद्घाटन गुरुवारी झालंच नव्हतं, दोन आठवड्यांनी झालं. सहा सर्व्हर दुसऱ्या लोकांनी येऊन जोडले. आधी नक्कल घेतली, तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांनी कोणाचं काही बिघडलं नाही. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांनी नव्या यंत्रांचं कौतुक केलं. तज्ज्ञांकडून डिस्क परत आल्या. त्यांनी थोडे फोटो वाचवले होते, अर्धे, पाऊण, कुठे नुसत्या राखाडी पट्ट्या. आलेली यादी ताईने वरून खाली आणि खालून वर वाचली. आठ तारखेचं काहीच नव्हतं. त्या बाईंना कार्यालयातून पत्र गेलं, छापील मजकुराचं, साहेबांच्या सहीचं. ताईने स्वतः जाऊन सांगते म्हटलं, तर कायदेशीर सल्लागारांनी तिला संपर्क करायला सहा महिन्यांची लेखी मनाई केली.

चौकशी समितीने 'मानवी चूक' असा निष्कर्ष काढला. नकलेबद्दलची ताईची दोन पत्रं समितीसमोर आली नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही. इंजिनिअरला त्याच्या कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवलं. जाण्याआधी तो घरी येऊन गेला. सोफ्यावर बसवेना म्हणून उभाच राहिला. म्हणाला, "मी पण उघडून बघायला हवं होतं, ताई. माप सारखं होतं म्हणून बघितलं नाही." ताईने त्याला पाणी दिलं आणि कमरेचं विचारलं.

तिला कामावरून काढलं नाही. चादरी आणि गाऊन ठेवायच्या कोठारात बदली केली. तिथे ती आता गठ्ठे मोजते आणि वॉर्डांना पाठवते. कॉम्प्युटरला हात लावत नाही, वहीत लिहिते. तळघरताई हे नाव लोकांनी हळूहळू टाकून दिलं, नवं काही पडलं नाही. घरात ती बोलते, जेवते, इस्त्री करते. पण झोप उडालीय. पहाटे उठून बसलेली दिसते. माझा नवरा अजून अधूनमधून म्हणतो, वकील करू, ती दोन पत्रं बाहेर काढू. ती नुसती मान हलवते. हो की नाही, कळत नाही.

सात-आठ महिने झाले असतील. रविवारची सकाळ होती, मी धान्य निवडत बसले होते. ती येऊन समोर बसली.

"त्या बाईंचा नंबर मला पाठ आहे," ती म्हणाली.

"हं."

"आता मनाईची मुदत संपली. करू का फोन?"

"काय बोलशील?"

"तेच तर सुचत नाही," ती म्हणाली. मग थोडं धान्य स्वतःच्या पुढ्यात ओढून निवडायला लागली.

फोन तिने केला नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. मीही तो विषय पुन्हा काढला नाही.